पेशींना धाडलेला सांगावा

दीर्घकाळ मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायात खडा रुतला, तरी पुष्कळदा त्याला त्याची जाणीव होत नाही. मज्जातंतू बधिर झालेले असतात. वेदना नाही, म्हणून तो चालतच राहतो. फोडाचा व्रण होतो, तो चिघळतो आणि अखेर पाऊल कापण्याचा प्रसंग ओढवतो. चेन्नईत, रोयापुरम भागातील मधुमेहाच्या रुग्णालयात असे पाय वाचविण्याचे काम वर्षानुवर्षे चालू आहे.

निरोगी शरीरात जखम होताच भोवतालच्या पेशींना वाढण्याचा सांगावा जातो. तो नेणाऱ्या प्रथिनांना वृद्धिघटक म्हणतात. जुनाट व्रणात हा व्यवहार विस्कळीत होतो. त्वचेच्या पेशींना चेतविणाऱ्या एका वृद्धिघटकाचा शोध मोठ्या आडवाटेने लागला. अमेरिकेतील शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडले, दातही लवकर आले. दुसऱ्या एखाद्याने ही गंमत म्हणून सोडून दिली असती. कोहेन तिच्याच मागे लागले. १९६२ साली त्यांनी ते प्रथिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले आणि १९८६ साली रीता लेव्ही-मोन्ताल्चिनी यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मानवी शरीरातील हे प्रथिन म्हणजे अवघ्या ५३ अमिनो आम्लांची साखळी. शरीरातून ते पुरेसे काढणे अशक्य. म्हणून त्याच्या जनुकाची प्रत जिवाणूंत किंवा यीस्टमध्ये घालतात. हे सूक्ष्म जीव मग आपल्या संसाराबरोबर हे परके प्रथिनही घडवू लागतात. साखळीची घडी मात्र बिनचूक बसावी लागते. ती चुकली, तर पेशीवरील ग्राहक तिला ओळखत नाही. संशोधक काचपात्रात पेशी वाढवितात तेव्हा एक मिलिलिटर द्रवात या प्रथिनाचे काही नॅनोग्रॅम पुरतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग!

काचपात्रातले हे द्रव्य रुग्णाच्या पायापर्यंतही पोचले. चेन्नईचे डॉ. विजय विश्वनाथन, नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि त्यांचे सहकारी यांनी मधुमेही व्रणांवर या प्रथिनाच्या मलमाची चाचणी घेतली. तिचा वृत्तांत २००६ साली प्रसिद्ध झाला. प्रथिनयुक्त मलमाने व्रण लवकर भरल्याचे त्यांना आढळले.

तथापि हा सांगावा दुधारी आहे. काही कर्करोगांत हाच ग्राहक अतिरेकाने कार्य करतो, आणि त्याला रोखणारी औषधे आज वापरात आहेत. म्हणून असे मलम वैद्यकीय सल्ल्यानेच लावावयाचे असते. शिवाय रक्ताभिसरण खुंटलेल्या पायावर किंवा रोज तुडविल्या जाणाऱ्या व्रणावर एकट्या मलमाची मात्रा काय चालणार? चेन्नईपासून जवळच, वेल्लोरला, डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर काम करताना दाखवून दिले होते की, तेथील व्रण मुख्यतः चालण्याच्या दाबाने होतात. म्हणून आधी मृत ऊतक काढायचे, रक्तातील साखर आटोक्यात आणायची, तळपायावरचा भार हलका करायचा, मऊ तळाची चप्पल द्यायची. मलमाचा क्रम त्यानंतर लागतो.