रात्र नसलेल्या रस्त्यावर

आमच्या जेवणाच्या टेबलावर गेले चार महिने नॉर्वेचा नकाशा पसरलेला आहे. त्याच्यावर काच आहे आणि काचेवर आम्ही जेवतो. त्यामुळे आमटीचा थेंब कधी नार्विकवर सांडतो, कधी ताकाचा पेला नेमका उत्तर ध्रुववृत्तावर ठेवला जातो. परवा नातवाने विचारले, ‘‘आजोबा, तुम्ही तिथे जाणार कधी? की नुसतेच जेवणार?’’

जायचे आहे येत्या जूनमध्ये. लोफोटेन आणि वेस्टरोलेन ही नॉर्वेच्या वायव्य किनाऱ्यावरची बेटे. ध्रुववृत्ताच्याही उत्तरेला, अडुसष्ट अक्षांशाच्या आसपास. आणि जायचे ते कुठल्या सहलकंपनीच्या बसमधून झेंडा धरलेल्या मुलाच्या मागे नव्हे, तर भाड्याची मोटार घेऊन, आपली आपण चालवत. ध्रुववृत्त साडेसहासष्ट अंशांच्या किंचित वर आहे आणि जूनमध्ये माझे वयही साडेसहासष्ट असेल. हा योगायोग मी घरात दोनदा बोलून दाखवला. दोन्ही वेळा कुणी हसले नाही.

तुम्ही म्हणाल, या वयात काशी-रामेश्वर सोडून हे काय? सांगतो. माझ्या वडिलांच्या कपाटात लोकमान्यांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ होता. १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झालेला. आर्यांचे मूळ वसतिस्थान ध्रुवप्रदेशात होते, हा त्यातला सिद्धान्त आज विद्वान मानत नाहीत. पण मला लहानपणी भुरळ पडली ती सिद्धान्ताची नव्हे. जो माणूस आयुष्यात कधी ध्रुवप्रदेशात गेला नाही, त्याने पुण्यात बसून, ऋचांच्या आणि पंचांगाच्या आधाराने, तिथला सूर्य कसा क्षितिजावरून गोल फिरतो आणि पहाट कशी दिवसेंदिवस लांबते याचा कागदावर हिशेब मांडला, याची ती भुरळ होती. बँकेत अडतीस वर्षे काढल्यावर कागदावरच्या हिशेबाबद्दल आदर वाटणारच.

पण खरे कारण वेगळे आहे. ते सांगायला थोडा संकोच वाटतो.

दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरहून रात्री परतत होतो. गाडी मी चालवत होतो. कायम मीच चालवतो. सातारा मागे पडले, समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले आणि ते सरल्यावर पुढ्यात एकदम काळी भिंत उभी राहिली. उसाची ट्रॉली. मागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि उसाची वाढी यांच्यात हातभर अंतर असेल. सौ. काही बोलली नाही. पुण्यापर्यंत काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात आहे, ऑपरेशनची घाई नाही, पण रात्री गाडी चालवू नका, असे सांगितले. ज्या माणसाने चाळीस वर्षे कुटुंबाला लग्नाकार्याला, देवदर्शनाला, प्रसूतीला रात्रीबेरात्री नेले, त्याला संध्याकाळी सहानंतर किल्ली खुंटीला लावावी लागली. याचे दुःख बाहेरून दिसत नाही, पण असते.

आणि मग एका रात्री झोप येईना म्हणून उठलो, मुलीने दिलेला जुना ॲटलास उघडला, आणि लोफोटेनवर बोट टेकले. या बेटांवर मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. मला रात्री गाडी चालवता येत नाही ना? ठीक. मी अशा ठिकाणी जाईन जिथे रात्रच नाही! कर्जदार जशी नियमातली फट शोधतो, तशी मी ही शोधली होती. आणि तितकाच खूष झालो होतो.

दुसऱ्या दिवसापासून वही घातली. आधी प्रदेशाची पत, मग प्रस्ताव.

लोफोटेनची कुलमुखत्यारी माशांकडे आहे. जानेवारी ते एप्रिल या काळात बॅरेंट्स समुद्रातून कॉड मासा अंडी घालायला या किनाऱ्याला येतो. आखाती प्रवाहाच्या ऊबेमुळे समुद्र गोठत नाही. थंडी मासा सडू देत नाही आणि वारा तो सुकवतो. मीठ लागत नाही, चूल लागत नाही. डोकी काढायची, शेपट्यांनी दोन-दोनाची जोडी बांधायची आणि लाकडी मांडवांवर टांगून ठेवायचे. आपल्याकडे वसई-वर्सोव्याला बांबूच्या चौकटींवर बोंबील वाळत घालतात, त्याचेच हे थोरले भावंड. फेब्रुवारीपासून मेपर्यंत मासा टांगलेला असतो. आम्ही जाऊ तेव्हा बहुतेक मांडव रिकामे झालेले असतील, वास मात्र असेल. तिथली शाळकरी मुले कॉडच्या जिभा कापून हातखर्चाचे पैसे मिळवतात, हे वाचून सौ. म्हणाली, ‘‘आपल्या नातवाला एक हंगाम पाठवूया.’’

हा सुका मासा हजार वर्षे परदेशी जातो आहे. पिएत्रो क्वेरिनी या व्हेनिसच्या दर्यावर्द्याचे जहाज वादळात गेले आणि १४३२ च्या जानेवारीत तो मूठभर सोबत्यांसह लोफोटेनच्या टोकाच्या रोस्ट बेटांवर लागला. कोळ्यांनी त्यांना घरात ठेवून घेतले, जगवले. परत जाताना क्वेरिनीने सुका मासा बरोबर नेला. आजही या माशाचा मोठा गिऱ्हाईक इटलीच, आणि माशांची डोकी नायजेरियाला जातात. बाहेरून आलेल्या कोळ्यांना राहायला समुद्रात खांब रोवून बांधलेल्या लाकडी खोल्या असत. त्यांना ‘रोर्बू’ म्हणतात. अशा पहिल्या खोल्या ओइस्टाइन राजाने सुमारे ११२० साली बांधल्या, असे सांगतात. आता त्यांत आमच्यासारखे पाहुणे उतरतात. चूल-भांडी असते, म्हणून आम्ही हॉटेलाऐवजी त्याच घ्यायच्या ठरवल्या. नॉर्वेत बाहेर जेवणे म्हणजे मुदतठेव मोडणे. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ, असे सामान काढून ठेवले. मात्र युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून साजूक तुपाची बरणी यादीतून बाद झाली. या प्रवासाला सौ.ने घेतलेली पहिली हरकत हीच.

आता रस्ता. ही बेटे पूर्वी होड्यांनीच जोडलेली. नॉर्वेच्या सरकारने ती एकेक करत पुलांनी आणि बोगद्यांनी ओवली. १९९० साली नाप्स्त्राउमेन सामुद्रधुनीच्या पोटातून सुमारे पावणेदोन किलोमीटरचा बोगदा झाला. २००७ साली मुख्य भूमीपासून होडीशिवाय लोफोटेनला पोहोचणारा रस्ता पुरा झाला. जेमतेम चोवीस-पंचवीस हजार वस्तीसाठी एवढा खर्च! कर्जखात्यात असतो तर मी हा प्रस्ताव परत पाठवला असता, आणि चुकलो असतो.

ई-१० नावाचा हा रस्ता ज्या गावात संपतो त्या गावाचे नाव एकाच अक्षराचे आहे: ‘ओ’. नॉर्वेच्या वर्णमालेतले ते शेवटचे अक्षर. वर्णमाला संपते, रस्ता संपतो, पुढे समुद्र आणि मोस्कस्त्राउमेनचा भोवरा. एडगर ॲलन पो याने १८४१ साली याच भोवऱ्यावर कथा लिहिली.

माझा आराखडा असा: ओस्लोहून विमानाने एवेनेस. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, फक्त झोपायचे. दुसऱ्या दिवशी सोर्टलँड, मग आन्देनेस. तिथे किनाऱ्याजवळच समुद्राला खोल दरी आहे, म्हणून स्पर्म देवमासे जवळ येतात; बोटीने बघायला नेतात. तिथे दोन रात्री, कारण समुद्र खवळला तर बोट सुटत नाही. मग मेल्बूहून मोटार होडीत घालून फिस्केबोलला, आणि लोफोटेन सुरू. स्वोल्वारजवळ तीन रात्री, राइने गावी तीन रात्री, ओ गाठून त्याच रस्त्याने परत एवेनेस. गाडी जिथून घेतली तिथेच परत दिली की दुसऱ्या गावी सोडण्याचे जबर भाडे वाचते. रोज चाक फिरायचे तीन-चार तास, त्याहून जास्त नाही. स्वोल्वार ते ओ अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटर. माणूस तीन तासांत जाऊ शकतो, पण जो तीन तासांत गेला त्याने काय पाहिले?

कागदपत्रे: शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्याला तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना, मुदत एक वर्ष. गाडी आपोआप गिअर बदलणारी, कारण तिथे वाहने उजवीकडून चालतात. चाक डावीकडे, गिअर उजव्या हाताला. या वयात एका वेळी एकच नवी सवय. भर दिवसाही दिवे लावून गाडी चालवायची, हा तिथला कायदा. अरुंद रस्त्यांवर समोरच्याला वाट देण्यासाठी खास जागा असतात. तिथे फोटो काढायला गाडी उभी करू नये. स्थानिक लोकांची पाहुण्यांबद्दलची तक्रार मुख्यतः हीच असते आणि ती रास्त आहे.

हे सगळे टंकलिखित करून, खर्चाचा तक्ता जोडून, मी मुलीपुढे ठेवले. तीही बँकेतच आहे. तिने चष्मा लावून वाचले आणि मी आयुष्यभर कर्जदारांना विचारत आलो तो प्रश्न मला विचारला. ‘‘बाबा, तुम्ही आजारी पडलात तर परतफेड कोण करणार?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे चालक एकच आहे. तिथे तुम्हाला कणकण आली, की गाडी उभी आणि तुम्ही दोघे एका बेटावर. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलंत का?’’

विचारले नव्हते. विचारायचे काय, रात्रच नाही तर! तरी गेलो. डॉक्टरांनी नकाशा कौतुकाने पाहिला आणि म्हणाले, ‘‘तुमचा प्रश्न अंधाराचा नाही, डोळ्यांवर येणाऱ्या उजेडाचा आहे. तिथला सूर्य संध्याकाळपासून पहाटेपर्यंत क्षितिजालगत असणार, म्हणजे समोरच्या काचेतून सरळ डोळ्यांत. आणि लख्ख उन्हातून बोगद्यात शिरलात की तुमच्या डोळ्यांना सावरायला वेळ लागणार.’’

घरी येऊन वही मिटली. माझी फट बुजली होती. मावळत नाही म्हणून ज्या सूर्याला मी जामीन धरला होता, तोच उलटला.

रात्री जेवताना सौ. सहज म्हणाली, ‘‘मला येते की गाडी.’’

येते. १९८९ सालापासून तिच्याकडे परवाना आहे. जुन्या फियाटवर मीच शिकवले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने गाडी विजेच्या खांबाला घासली आणि रस्त्यावर चार माणसांदेखत मी तिला जे बोललो ते आठवून आजही मान खाली जाते. त्यानंतर ती शाळेत शिकवायला गाडी घेऊन गेली, मंडईत गेली, आईच्या आजारपणात रोज दवाखान्यात गेली. पस्तीस वर्षांत एक ओरखडा नाही. पण मी गाडीत असलो की किल्ली माझ्याकडे, आणि हायवेला तर तिने कधी हात लावला नाही. मी ‘दे’ म्हटले नाही, तिने मागितली नाही. चार महिन्यांत इतक्या याद्या केल्या, त्यांत दोघांच्या औषधांची वेगळी यादी होती. चालकाच्या रकान्यात मात्र एकच नाव होते आणि त्यात काही चुकते आहे असे मला वाटलेही नव्हते.

बँकेच्या भाषेत तिला सहकर्जदार करून घेणे एवढेच बाकी होते. पण नुसते नाव घालून भागत नाही, पत तपासावी लागते. तिची नव्हे, माझी. शेजारी बसून गप्प राहता येते का, याची.

गेल्या रविवारी साताऱ्याला जाऊन आलो. गाडी तिने चालवली. नव्या कात्रज बोगद्यात शिरताना माझ्या डोळ्यांपुढे खरोखरच क्षणभर काही नव्हते आणि ती सत्तरच्या वेगाने, आपल्या पट्ट्यातून, सरळ रेघ मारल्यासारखी जात होती. मी उजवा पाय जमिनीवर दाबून धरला होता. तिने समोर बघतच म्हटले, ‘‘अहो, ब्रेक माझ्या बाजूला आहे.’’

ज्या वळणाच्या पुढे ती उसाची ट्रॉली उभी होती, तिथे तिने वेग थोडा कमी केला. काही बोलली नाही. मीही नाही. पण या वेळचे गप्प राहणे वेगळे होते.

नवा आराखडा तयार आहे. सकाळची चाल माझी. बोगदे आणि दुपारनंतरचे ऊन तिचे. राइनेच्या डोंगरावर नेपाळहून आलेल्या शेर्पांनी दगडांच्या सुमारे दोन हजार पायऱ्या घातल्या आहेत. त्या जमतील तेवढ्याच चढायच्या, असा शेरा मुलीने समासात मारला आहे. काल गाडीच्या भाड्याचा अर्ज भरला. त्यात ‘मुख्य चालक’ आणि ‘अतिरिक्त चालक’ असे दोन रकाने होते. मी चष्मा शोधायला आत गेलो. परत आलो तेव्हा दोन्ही रकाने भरलेले होते.

मी खालच्या रकान्यासमोर सही केली.