ठिपक्यांचा अर्थ : घरातल्या रेकॉर्डींची नोंद आणि गुण



गेल्या पावसाळ्यात आपल्या एका सभासदांच्या घरून आम्हा चौघांना बोलावणे आले. घरातले अण्णा जाऊन वर्ष झाले होते. माडीवरच्या दोन कपाटांत त्यांच्या रेकॉर्डी होत्या : लाखेच्या जुन्या, एलपी, कॅसेटी आणि थोड्या सीडी. मुलगा बेंगळुरूला, मुलगी पुण्याला. घर लहान करायचे ठरले होते. "यातले काय ठेवायचे तेवढे सांगा," एवढेच त्यांचे म्हणणे होते.

प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ठिपके दिलेले होते. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. आम्हाला वाटले, हे अण्णांचे गुण. तीन ठिपके म्हणजे उत्तम, एक म्हणजे जेमतेम. दुपारपर्यंत एका ठिपक्याच्या शंभरेक रेकॉर्डी आम्ही रद्दीवाल्यासाठी जिन्याजवळ लावून ठेवल्या. काकू चहा घेऊन वर आल्या आणि त्या ढिगाकडे बघून थांबल्या. म्हणाल्या, "एका ठिपक्याच्या कशाला काढायलाय तुम्ही? त्या दुसऱ्या कुठं मिळत नाहीत की. द्यायच्या तर तीन ठिपक्याच्या द्या, त्या घरात तीन-तीन आहेत."

ठिपके आवडीचे नव्हतेच. ते प्रतींची संख्या सांगत होते. काकू अर्धा तास उशिरा आल्या असत्या, तर संग्रहातला सर्वांत दुर्मीळ भाग आम्हीच मोडीत घातला असता. त्या दिवसापासून नोंद कशी करावी याचा आम्ही नीट विचार केला. तो इथे मांडतो, कारण अशी कपाटे आपल्या बऱ्याच घरांत आहेत.

आपल्या भागातले संग्रह मिश्र का असतात

आपल्याकडे धारवाड आकाशवाणीही लागते आणि सांगलीही. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. कुमार गंधर्वांचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, गाव सुळेभावी. एका बाजूला मिरजेत अब्दुल करीम खाँ, कोल्हापुरात अल्लादियाखाँ. दुसऱ्या बाजूला कुंदगोळ, हुबळी, धारवाड. त्यामुळे एकाच कपाटात नाट्यपदे, अभंग, कन्नड वचने, दासांची पदे आणि ख्याल शेजारी शेजारी असतात. भीमसेन जोशींचे अभंग आणि त्यांचीच कन्नड दासपदे एकाच घरात सापडणे ही इथली नेहमीची गोष्ट. म्हणून नोंदवहीत 'भाषा' हा रकाना पहिल्या दिवसापासून हवा.

तीन प्रश्न वेगळे ठेवा

घोटाळा होतो तो तीन प्रश्न एकत्र केल्यामुळे. ही रेकॉर्ड नेमकी कोणती? तिची अवस्था कशी आहे? आणि ती आपल्याला किती आवडते? प्रत्येकाचे उत्तर वेगळ्या रकान्यात लिहायचे, आणि खुणांचा अर्थ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचा. अण्णांनी ते पान लिहिले नव्हते. ते फक्त काकूंना माहीत होते.

पहिला प्रश्न : ही कोणती?

आधी आपला स्वतःचा क्रमांक द्या. लाखेच्या रेकॉर्डीला 'ल', एलपीला 'ए', कॅसेटला 'क', सीडीला 'स' आणि पुढे १ पासून आकडा. हा क्रमांक पाकिटावर पेन्सिलीने लिहावा. रेकॉर्डीच्या लेबलावर काहीही लिहू किंवा चिकटवू नये. क्रमांक एकदा दिला की तो बदलायचा नाही. रेकॉर्ड कुणाला दिली तरी तो आकडा दुसरीला द्यायचा नाही.

मग कंपनीचे नाव आणि लेबलावर छापलेला कंपनीचा क्रमांक. याशिवाय आणखी एक क्रमांक असतो. लेबलाच्या कडेला, रेघा संपतात तिथल्या गुळगुळीत पट्टीत बारीक अक्षरे उमटवलेली असतात. तो मॅट्रिक्स क्रमांक. दोन्ही बाजूंना तो वेगळा असतो. लेबलावरचा क्रमांक विक्रीच्या मालाचा; मॅट्रिक्स क्रमांक त्या दिवशी झालेल्या गाण्याच्या मुद्रणाचा. तेच गाणे पुढे दुसऱ्या लेबलाखाली निघाले, तर ते जुनेच मुद्रण आहे की नव्याने गायलेले, हे याच क्रमांकावरून कळायला मदत होते.

अगदी जुन्या रेकॉर्डींच्या शेवटी गायक स्वतःचे नाव सांगताना ऐकू येतो. ग्रामोफोन कंपनीने १९०२ साली कलकत्त्यात भारतातले पहिले मोठे ध्वनिमुद्रण केले. गौहर जान त्यात होत्या. साचे जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना आपली भाषा कळत नसे, म्हणून कुणाची रेकॉर्ड हे ओळखायला ती नावाची घोषणा उपयोगी पडे. म्हणजे रेकॉर्डीइतकीच जुनी तिची नोंद आहे.

नावांच्या बाबतीत सावध राहावे. लेबलावर जसे असेल तसे एका रकान्यात, आणि आपण ठरवलेले एकच नाव दुसऱ्या रकान्यात. गंगूबाई हनगळ यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डींवर 'गांधारी' असे नाव आहे. ते लक्षात न घेता यादी केली, तर एकाच गायिकेच्या दोन गायिका होतात. 'गंधर्व' या शब्दाचेही तसेच. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर गोरे, आणि कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकली. आडनावाप्रमाणे यादी लावायला बसलात तर सगळे एका ओळीत येतील. आम्ही प्रसिद्ध नावाने यादी लावतो आणि मूळ नाव कंसात देतो.

कृतीचे नाव एकच असले तरी मुद्रण वेगळे असू शकते. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर सुरू झाले. ५६ गीते, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. आकाशवाणीवर ती निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायली. पुढे आलेल्या एलपी संचात मात्र बाबूजी स्वतः गातात. कुणी रेडिओवरून टेपवर उतरवून घेतले असेल, तर ती कॅसेट एलपीची नक्कल समजून टाकून देऊ नका.

दुसरा प्रश्न : अवस्था कशी?

आम्ही चार श्रेण्या ठेवल्या. अ : ओरखडा नाही. ब : बारीक रेघा, पण ऐकताना त्रास नाही. क : खरखर किंवा टकटक, पण गाणे पूर्ण ऐकू येते. ड : तडा गेलेली, सुई अडकते किंवा उडी मारते. तपासायची पद्धत सोपी आहे. दिव्याखाली रेकॉर्ड तिरकी धरा. ओरखड्यावरून नख हलकेच फिरवा. नख अडकले तर सुईही अडखळणार. टकटक ठरावीक अंतराने येत असेल तर ती एकाच जागच्या ओरखड्याची : लाखेच्या रेकॉर्डीवर मिनिटाला ७८ वेळा, एलपीवर ३३ वेळा.

ऐकून तपासण्याआधी सुई बघा. लाखेच्या रेकॉर्डीची खाच एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. एलपीची सुई तिच्यात तळाला घासत जाते. दोन्हींसाठी वेगळी सुई लागते. लाखेची रेकॉर्ड स्पिरिटने कधीही पुसू नये, लाख विरघळते. आपल्या पावसात पाकिटांना बुरशी येते, तेव्हा कपाट भिंतीपासून चार बोटे लांब ठेवावे. रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात. दहा इंची लाखेची एक रेकॉर्ड सुमारे २०० ग्रॅमची. शंभराचा ढीग २० किलो होतो आणि खालच्या तडकतात.

तिसरा प्रश्न : किती आवडते?

इथे १ ते ५ गुण. पण काही पथ्ये आहेत. एकदा ऐकून गुण देऊ नयेत. आठवड्याच्या अंतराने दोनदा ऐकावे. अवस्थेचे गुण यात मिसळू नयेत. खरखरीतून येणारे करीम खाँसाहेबांचे गाणे 'क' अवस्थेचे आणि ५ गुणांचे असू शकते. तुलना सारख्याशी करावी : लाखेच्या रेकॉर्डीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मिळत, एलपीत वीस मिनिटे. साडेतीन मिनिटांत राग उभा करणाऱ्याला विस्तार नाही म्हणून गुण कापणे बरोबर नाही.

गुणांपुढे एका ओळीत कारण, तारीख आणि देणाऱ्याचे नाव हवे. घरात दोघांचे मत वेगळे असेल तर दोन्ही गुण लिहावेत. सरासरी काढू नये. वडिलांचे ५ आणि मुलीचे २ यांचे साडेतीन केले की दोघांचेही मत हरवते.

आधी काय जपायचे?

सर्वांत जास्त गुणांची रेकॉर्ड आधी संगणकावर उतरवावी असे वाटते. पण लोकप्रिय एलपीचे गाणे सीडीवर पुन्हा निघालेले असते, ते नाहीसे होणार नाही. आधी घ्यायची ती दुसरीकडे न मिळणारी आणि अवस्था बिघडत चाललेली, मग तिला २ गुण का असेनात. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर केसरबाई केरकरांची भैरवी अवकाशात गेली. ती निवडली गेली तेव्हा रेकॉर्ड बाजारात मिळेनाशी झाली होती आणि न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात शोधून मिळवावी लागली. उत्तम गाणेही असे हाताबाहेर जाते. मुंबईत १९९० पासून काम करणारी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स याच काळजीतून संग्राहकांना जोडत आली आहे. उतरवलेली गाणी घरापुरती ठेवावीत. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे असतो.

एक रकाना रिकामा राहिला

अण्णांच्या रेकॉर्डींची नोंद तीन महिन्यांत झाली. एका ठिपक्याच्या सगळ्या रेकॉर्डी मुलीने पुण्याला नेल्या, जादा प्रती मंडळाच्या कपाटात आल्या. पहिले दोन रकाने पूर्ण भरले. तिसऱ्यात मात्र अण्णांचे मत कुठेच मिळाले नाही. त्यांनी प्रती मोजल्या होत्या, आवड लिहिली नव्हती.

शेवटी काकूंना जवळ बसवले. "ही रविवारी सकाळी लावायचे." "ही लावली की बोललेलं चालायचं नाही." "ही माझ्यासाठी आणलेली, त्यांना काही आवडायची नाही." अशा सदतीस रेकॉर्डींपुढे आम्ही 'काकूंच्या आठवणीप्रमाणे' असे लिहिले. बाकीच्या जागा तशाच आहेत.

तेव्हा विनंती एवढीच, की आपल्या घरच्या कपाटाची वही आज सुरू करा, आणि सुरुवात तिसऱ्या रकान्यापासून करा. क्रमांक आणि ओरखडे नंतरही वाचता येतात. पहिल्या पानासाठी मदत लागली तर मंडळात या, आपण बरोबर बसून लिहू.