जनधनचं कार्ड पाकिटातून बाहेर काढा

परवा वसमतच्या मोंढ्यात हळद घेऊन आलेल्या एका काकांनी जनधनचं कार्ड दाखवलं. बँकेनं दिलेल्या पाकिटात तसंच, कोरं करकरीत! "काका, यावर अपघात विमा आहे," म्हटलं तर बघतच राहिले.

कार्डावर रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड असं लिहिलेलं असतं. ते व्यवहाराचं जाळं. रुपे आपल्या देशातलं, २०१२ सालचं. काकांचं कार्ड डेबिट कार्ड; त्यानं पैसे जातात ते आपल्याच खात्यातले. किसान क्रेडिट कार्डही दिसायला तसंच, पण त्यातून निघतं ते पीककर्ज.

२८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या जनधन खात्याच्या रुपे कार्डावर २ लाखांचा विमा, त्याआधीच्यावर १ लाखाचा. मात्र अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्डानं एक तरी व्यवहार झालेला हवा. काकांनी तिथल्याच एटीएममधून शंभर रुपये काढले.

तुमच्या कार्डावर काय लिहिलंय? शंका असेल तर विचारा, सांगतो.