गालिचा विणणारे हात

उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूरचा परिसर हाताने विणलेल्या गालिच्यांसाठी प्रसिद्ध आहे. भदोहीच्या गालिच्यास २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशी कला तरुणांनी शिकावी हे योग्यच. परंतु ती कोणत्या वयात व कोणत्या अटींवर शिकावी, हा प्रश्न कष्टकरी समाजाच्या जिव्हाळ्याचा आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम काम कसे चालते ते पाहू. उभ्या मागावर सुती ताणा बांधतात. समोरच्या नकाशाप्रमाणे विणकर ताण्याच्या दोन-दोन धाग्यांभोवती लोकरीची गाठ मारतो व सुरीने टोक कापतो. गाठींची ओळ पूर्ण झाली की आडवा बाणा घालून पंज्याने ठोकून बसवितो. चौरस इंचास २०० गाठी धरल्या, तर तीन बाय पाच फुटांच्या गालिच्यात ४ लाख ३२ हजार गाठी होतात. रोज ६ हजार गाठी मारणाऱ्यास त्यासाठी ७२ दिवस लागतील!

बारीक गाठीला लहान मुलांचीच नाजूक बोटे लागतात, असे पूर्वी सांगितले जाई. हे खरे नव्हे. १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी झालेल्या पाहणीत, अतिशय बारीक गाठींचे गालिचे प्रौढ विणकरही विणतात असे दिसून आले. मुले मागावर बसत ती स्वस्त मजुरीपायी आणि कित्येकदा बापाने घेतलेली उचल फेडण्यासाठी. उचल म्हणजे काय, हे ऊसतोड कामगारांची घरे पाहिलेल्यांना सांगावयास नको.

१९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. १९८६ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत गालिचा विणकामावर ठेवण्यास मनाई केली; २०१६ च्या दुरुस्तीने ही वयोमर्यादा सर्वच कामधंद्यांना लागू झाली. मात्र शाळा सांभाळून घरच्या, धोकादायक नसलेल्या कामात मदत करण्याची सवलत राहिली. या सवलतीच्या आडून शाळा सुटणार नाही, हे पालकांनी पाहिले पाहिजे.

कला शिकण्याचा सन्मानाचा मार्गही आहे. भदोही येथील भारतीय गालिचा तंत्रज्ञान संस्थेत या विषयाचा पदवी अभ्यासक्रम चालतो. तेथे रंग, लोकर, नक्षी यांचे शास्त्र शिकता येते.

विद्यार्थी मित्रांनो, कोणतीही हस्तकला शिकण्यात कमीपणा नाही. मात्र आधी शाळा, मग माग, हा क्रम मोडू नये असे आम्हांस वाटते. गाठ मोजता येते त्यास आपल्या मजुरीचा कागदही वाचता आला पाहिजे. तरच त्याची कला त्याच्या मालकीची राहील.