शुगर किती ते सोडा, मूड कसाय?

डायबेटिसच्या क्लिनिकमध्ये डॉक्टर असतात, डाएटिशियन असते. पण सायकॉलॉजिस्ट? हो, तीही असते! तिच्या केबिनमधल्या या काही गोष्टी. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

'मॅडम, मला वेड लागलेलं नाहीये. शुगर आहे फक्त.'

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक नव्या पेशंटचं पहिलं वाक्य हेच. कुणी तोंडावर बोलतं, कुणी नुसतं चेहऱ्यानं. तोही तेच बोलला. वय ३१, हिंजवडीत नोकरी, गळ्यात आयकार्ड अजून तसंच. टाइप टू डायबेटिस निघून दोन वर्षं झालेली. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी हिशेब, १०.५. डॉक्टरांना तो सातच्या आसपास हवा होता. डाएट चार्ट फ्रिजवर चिकटवलेला आणि ग्लुकोमीटर कपाटात, खोकंसुद्धा न उघडलेलं.

'मशिन का वापरत नाहीस?'

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, 'आकडा बघितला की वाटतं, परत नापास झालो.'

आळस नाही, थकवा

घरचे याला आळस म्हणतात. आमच्या भाषेत याला 'डायबेटिस डिस्ट्रेस' म्हणतात. बोस्टनच्या जोस्लिन डायबेटिस सेंटरमधले विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तो मोजण्यासाठी एक प्रश्नावली मांडली. खाण्याबद्दल सतत अपराधी वाटतं का? पुढे काय होईल याची भीती वाटते का? रोजच्या या कटकटीनं थकायला होतं का? असे साधेच प्रश्न. पण ते विचारल्यावर भलेभले रडतात, कारण तोपर्यंत सगळ्यांनी त्यांना फक्त 'शुगर किती?' एवढंच विचारलेलं असतं.

विचार करा ना. या आजाराला रविवार नाही, कॅज्युअल लीव्ह नाही. गोळी, जेवण, चालणं, ऑफिसमधल्या बर्थडेचा केक, सगळीकडे हिशेब. हा डिस्ट्रेस म्हणजे डिप्रेशन नव्हे, पण डायबेटिस असलेल्यांमध्ये डिप्रेशनही इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. म्हणून दोन्ही वेगवेगळं तपासावं लागतं. आणि पेशंट किती? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून जास्त!

माझी चूक

नवीन होते तेव्हाची गोष्ट. चाळिशीच्या एक ताई आल्या होत्या. मी मोठ्या उत्साहात म्हटलं, 'सोप्पंय हो, रोज अर्धा तास चालायचं!' त्या हसल्या, 'बरं' म्हणाल्या आणि परत आल्याच नाहीत. नंतर डाएटिशियनकडून कळलं, त्या पाचला उठतात, सासूबाईंचं पथ्यपाणी आणि चौघांचे डबे करून दोन बस बदलत ऑफिस गाठतात. तो अर्धा तास त्यांनी आणायचा कुठून? त्या दिवसापासून सल्ला देण्याआधी मी एक प्रश्न विचारते, 'तुमचा कालचा दिवस कसा गेला? उठल्यापासून सांगा.' अर्धी उत्तरं तिथंच मिळतात.

नुसत्या गप्पा नाहीत

मी औषध देत नाही, ते डॉक्टरांचं काम. माझं काम औषध आणि माणूस यांच्यामध्ये काय अडलंय ते शोधण्याचं. इन्सुलिन घेणाऱ्या काहींची शुगर एखाद्या रात्री ७० च्या खाली गेलेली असते. घाम, थरथर, छातीत धडधड. त्यानंतर ते भीतीपोटी शुगर मुद्दाम चढी ठेवतात. त्यांना 'डोस चुकवू नका' असं सांगून काय उपयोग? आधी भीतीवर बोलावं लागतं. उशाशी ग्लुकोज पावडर, तीन चमचे साखरेचा फंडा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. हे घरच्यांसोबत बसून ठरवलं की रात्रीची झोप परत येते.

आपल्या हिंजवडीकराला मी चार्ट पाळायला सांगितलाच नाही. डॉक्टरांशी बोलून ठरवलं, सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच शुगर तपासायची आणि आकड्यापुढे 'चांगली' किंवा 'वाईट' लिहायचं नाही. फक्त काय खाल्लं आणि झोप किती झाली एवढंच. तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःच म्हणाला, 'मॅडम, वडापावपेक्षा नाइट शिफ्टनंतरची सकाळ जास्त खराब असते.' मार्कशीटची माहिती झाली होती!

पण खरी गाठ पाचव्या भेटीत सुटली. त्याचं लग्न ठरत होतं. आई म्हणत होती, 'मुलीकडच्यांना कशाला सांगायचं? नंतर बघू.' गोळ्या लपवायच्या म्हणून तो घराबाहेर त्या घेतच नव्हता. मी सांग किंवा सांगू नकोस असं काहीच म्हटलं नाही. एवढंच विचारलं, 'लग्नानंतर गोळ्या कुठे ठेवशील?'

पुढचा आठवडाभर त्यानं एक वाक्य घोकलं. मग कॉफी शॉपमध्ये ते तिला सांगितलं. तिनं विचार करायला वेळ मागितला. ते आठ दिवस त्याच्यासाठी भयंकर होते, पण गोळ्या मात्र तो उघडपणे, टेबलावर ठेवून घेऊ लागला. सहा महिन्यांनी रिपोर्ट आला, ८.१. अजून पल्ला आहे. पुढच्या भेटीला ती सोबत आली होती आणि तिच्याकडे प्रश्नांची यादी होती.

घरात कुणाला डायबेटिस असेल तर...

* ताटाकडे बघून 'हे चालतं का तुला?' विचारू नका. 'मी काय मदत करू?' विचारा.
* रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे. रागावलात तर पुढचा रिपोर्ट लपवला जाईल.
* दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.
* 'टेलि-मानस' ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलते.

आणि हो, आज ऑफिसमधल्या त्या मित्राला शुगर विचारण्याआधी जरा विचारा, 'काय रे, दमलास का?'