पाळणाघरात भिंतीवर खणांचं कपाट बसवताय? आधी भिंत ओळखा!

ओझर (ता. निफाड) : सकाळी कोणी एचएएलच्या शिफ्टला निघतं, कोणी द्राक्षबागेत छाटणीला, तर कोणी पॅकहाऊसला. घरी म्हातारं माणूस नसेल तर लेकरू शेजारच्या मावशीकडे राहतं. अशी घरगुती पाळणाघरं आता गावागावात दिसतात. जागा मात्र तेवढीच, घरातली पुढची खोली. आठ पोरांची आठ दप्तरं, डबे, कपड्यांचे जोड, पांघरुणं जमिनीवर पसरली की पाय ठेवायला जागा उरत नाही. मग सुताराला सांगून भिंतीवर खणांचं कपाट ठोकलं जातं. सोय चांगली आहे, पण ते नीट बसलं नाही तर खाली लेकरं खेळत असतात, हे विसरून चालणार नाही.

वजन किती होतं?

पाच फूट लांब, अडीच फूट उंच आणि एक फूट खोल असं आठ खणांचं कपाट धरू. १८ एमएम प्लायवूडमध्ये ते रिकामंच ३० किलोच्या आसपास भरतं. प्रत्येक खणात चार किलो सामान धरलं तर आणखी ३२ किलो. म्हणजे सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीपेक्षा जास्त वजन भिंतीला लटकणार. त्यात तीन-चार वर्षांचं १५ किलोचं पोरगं खालच्या खणात पाय देऊन वर चढलं तर वजन वाढतंच, वर झटकाही बसतो.

हे वजन नुसतं खाली ओढत नाही, पुढेही ओढतं. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर सोपी जाते, हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. कपाटाचंही तसंच आहे. खण जितका खोल, तितके वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर ओढले जातात. म्हणून दप्तर मावेल एवढीच, फूटभर खोली पुरे.

भिंत कशाची आहे?

ड्रिल मारताना पडणारी भुकटी बघितली की भिंत कळते.

- लाल भुकटी : विटांची भिंत. नऊ इंची असेल तर चांगली. भोक विटेत पाडावं, दोन विटांच्या सांध्यात नाही. लोखंडी फास्नर जास्त आवळला तर वीट फुटू शकते, त्यामुळे लांब नायलॉनची गिट्टी आणि जाड स्क्रू बरा.
- पांढरी, मऊ भुकटी : सिपोरेक्स ब्लॉक. यात साधी गिट्टी धरत नाही. ब्लॉकसाठी वेगळी गिट्टी मिळते, दुकानात तसं सांगूनच घ्यावी.
- राखाडी आणि ड्रिल पुढे सरकत नाही : काँक्रीटचा कॉलम किंवा बीम. इथे अँकर फास्नर घट्ट बसतो. सळई लागली तर जागा बदलावी.
- चार इंची भिंत : भोक आरपार पाडून पलीकडून लोखंडी पट्टी लावावी आणि नट-बोल्टने आवळावं.
- मातीची भिंत किंवा ओल आलेली, पोकळ वाजणारी भिंत : इथे वजन लटकवूच नये.

गिलावा अर्धा-पाऊण इंच जाड असतो आणि तो वजन धरत नाही. स्क्रू गिलाव्याच्या आत, विटेत किमान दोन इंच गेला पाहिजे. भोकातली भुकटी फुंकून काढल्याशिवाय गिट्टी ठोकू नये, ती सैल राहते. स्विच बोर्डाच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत आत वायर असू शकते. तिथे भोक पाडू नये. पलीकडे बाथरूम असेल तर पाइपही बघावा.

आणखी एक चूक नेहमी होते. कपाटाच्या मागे सहा एमएमचा पातळ प्लाय असतो आणि स्क्रू त्यातूनच मारले जातात. भिंत धरते, पण प्लाय फाटतो. मागे वर आणि खाली १८ एमएमची आडवी पट्टी बाजूच्या फळ्यांना पक्की जोडून घ्यावी. स्क्रू त्या पट्टीतून, वॉशर लावून मारावेत. वर किमान चार, खाली दोन.

सगळ्यात बिनधोक पद्धत

कपाट लटकवण्याऐवजी जमिनीवरच उभं करावं आणि वरच्या बाजूने भिंतीला आवळावं. सगळं वजन फरशी घेते, स्क्रूला फक्त पुढे पडू न देण्याचं काम उरतं. उंची तीन फुटांच्या आत ठेवली तर पोरांना आपलं सामान स्वतः काढता येतं, चढायची गरजच पडत नाही.

पण नुसतं जमिनीवर ठेवून भिंतीला न बांधणं तितकंच धोक्याचं. उघड्या ड्रॉवरवर चढलेल्या मुलांच्या अंगावर कपाटं पडून जीव गेल्यावर २०१६ मध्ये आयकिया कंपनीने एकट्या अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत बोलावली. पुढे २०२२ मध्ये तिथे कायदाच झाला. आता ड्रॉवरची कपाटं सुमारे २७ किलोपर्यंतच्या मुलाच्या वजनाने उलटणार नाहीत, अशी चाचणी द्यावी लागते.

पोरं येण्याआधी चाचणी

सुट्टीच्या दिवशी खाली गादी टाकावी. वीस लिटरचे पाण्याचे चार-पाच कॅन, म्हणजे ८० ते १०० किलो, खणांत सारखे वाटून ठेवावेत. कपाटाच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची रेघ ओढून एक दिवस तसंच सोडावं. कपाट रेघेखाली सरकलं किंवा मागे फट पडली तर ते उतरवून पुन्हा बसवावं. नंतरही दर महिन्याला हलवून बघावं, स्क्रू आवळावेत. जड सामान खालच्या खणात, वरती काहीच रचू नये. आणि कपाट कितीही पक्कं असलं तरी त्याखाली झोळी बांधू नये, लेकरू झोपवू नये.

घर भाड्याचं असेल तर भोक पाडण्याआधी मालकाला विचारावं. फास्नर आणि पट्टीचा खर्च कपाटाच्या मानाने किरकोळ असतो. आई-बाप बिनघोर कामाला जातात ते मावशीच्या भरवशावर, आणि तो भरवसा भिंतीतल्या या सहा स्क्रूंवरही उभा असतो.