‘पाठवले’ म्हणजे ‘पोहोचले’ असे नसते! प्रोग्रामरला वाचवणाऱ्या एका वाक्याची गोष्ट

व्हॉट्सअॅपवर मेसेज पाठवला की आधी एक टिक दिसते, मग दोन. एक म्हणजे मेसेज निघाला, दोन म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोहोचला. हा फरक आता घरातल्या आजीआजोबांनाही ठाऊक आहे. पण असे अॅप बनवणाऱ्या प्रोग्रामरला हा फरक कोण समजावून सांगते?

उत्तर आहे, डॉक्युमेंटेशन. म्हणजे कोडसोबत येणारी माहितीपुस्तिका. तिच्यातले एक वाक्य चुकले तर काय होते, हे पायथॉन या भाषेच्या उदाहरणातून समजून घेऊया.

सॉकेट म्हणजे काय?

दोन प्रोग्राम नेटवर्कवरून बोलतात तेव्हा त्या संभाषणाच्या प्रत्येक टोकाला सॉकेट म्हणतात. बर्कले विद्यापीठाच्या 4.2 बीएसडी या प्रणालीतून 1983 मध्ये ही पद्धत सर्वदूर पोहोचली. पायथॉनची सॉकेट लायब्ररी त्याच पद्धतीवर उभी आहे.

खरी गंमत इथे आहे

या लायब्ररीत ‘सेंड’ नावाचे फंक्शन आहे. नाव वाचून वाटते, दिलेला सगळा डेटा ते पाठवत असेल. तसे नाही! ऑपरेटिंग सिस्टमकडे जागा कमी असेल, तर ते थोडाच डेटा घेते आणि किती बाइट घेतले तो आकडा परत देते. उरलेला पाठवणे ही प्रोग्रामरची जबाबदारी.

चाचणी करताना मेसेज छोटे असतात, त्यामुळे सगळे सुरळीत चालते. मोठी फाइल आली, नेटवर्क मंदावले, की अर्धीच फाइल पोहोचते. कुठे चुकले ते लवकर सापडतही नाही.

‘सेंडऑल’ हे दुसरे फंक्शन सगळा डेटा जाईपर्यंत प्रयत्न करते. पण मध्येच अडचण आली तर किती डेटा गेला, हे कळायला मार्ग नसतो. आणि ते यशस्वी झाले, तरी डेटा फक्त ऑपरेटिंग सिस्टमच्या हवाली झालेला असतो. समोरच्याने तो वाचला, असा अर्थ होत नाही.

मग सुधारणा तपासायची कशी?

पायथॉनचे डॉक्युमेंटेशन कोडच्याच भांडारात असते. कोणीही गिटहबवर बदल सुचवू शकतो आणि तो स्वीकारण्याआधी तपासला जातो.

समजा, कोणी क्लिष्ट वाक्य काढून ‘सेंड दिलेला डेटा पाठवते’ असे सुटसुटीत वाक्य सुचवले. शुद्धलेखन बिनचूक, वाचायला सोपे. पण अर्थ चुकीचा! नवशिक्या त्यावर विश्वास ठेवून कोड लिहील आणि फसेल. म्हणून तपासणारा काही प्रश्न विचारतो:

- हे वाक्य प्रत्यक्ष कोडशी जुळते का?
- विंडोज आणि लिनक्स, दोन्हीकडे ते खरे आहे का?
- दिलेले उदाहरण चालवून पाहिले का?
- फंक्शन अपयशी ठरले तर काय होते, ते लिहिले आहे का?
- कोणत्या आवृत्तीपासून वागणूक बदलली, त्याची नोंद आहे का?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण पायथॉन 3.5 मध्ये असाच एक बदल झाला. आधी ‘सेंडऑल’ची वेळमर्यादा डेटाचा प्रत्येक तुकडा गेल्यावर नव्याने मोजली जाई. 3.5 पासून ती सगळा डेटा पाठवण्याच्या एकूण वेळेला लागू झाली. म्हणजे 10 सेकंदांची मर्यादा असेल, तर संथ नेटवर्कवर पूर्वी मिनिटभर रखडत का होईना पूर्ण होणारे काम आता 10 सेकंदांतच थांबू शकते. कोडची एकही ओळ न बदलता! ‘काल तर चालत होते’ म्हणत डोके धरून बसलेल्या प्रोग्रामरला डॉक्युमेंटेशनमधली ती छोटीशी नोंदच वाचवते.

थोडक्यात काय, तर चांगले डॉक्युमेंटेशन फंक्शन काय करते एवढेच सांगत नाही, ते काय करत नाही तेही सांगते. वाक्य सोपे जरूर करावे, पण त्यातली ‘पण’ची बाजू गाळून नव्हे!